सहा आठवडे नंबर वन

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून वेल्समधल्या कार्डिफला गेलो, आणि काही महिन्यांनी तिथल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात मला काम मिळालं. तळघरात बसून पेशंटच्या जुन्या फायली शोधायच्या, ट्रॉलीवर रचायच्या आणि वॉर्डांकडे पाठवायच्या. माझ्याबरोबर पन्नाशी ओलांडलेले एक वेल्श गृहस्थ होते. एकटे राहायचे, रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांना वेड एकाच गोष्टीचं. दर मे महिन्यात युरोपातले देश टीव्हीवर गाण्यांची स्पर्धा खेळतात, त्या स्पर्धेचं.

पण जिंकणाऱ्यांशी त्यांना देणंघेणं नसे. त्यांच्याकडे एक शाळकरी वही होती. स्पर्धेत कितीही खाली आलेलं, पण आपल्या देशात नंबर वनला पोचलेलं प्रत्येक गाणं त्या वहीत लिहिलेलं असे. किती आठवडे वर राहिलं तेसुद्धा.

"स्पर्धेतले मार्क शेजारचे देश देतात," एकदा सँडविच खाताना ते म्हणाले. "पण गाणं विकत घेऊन घरी कोण नेतं? आपलीच माणसं."

ब्रिटनमध्ये तेव्हा या स्पर्धेची थट्टाच चालायची. टीव्हीवरचा निवेदकच गाण्यांची टर उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस हसायचं. ते मात्र फायली लावत बसायचे.

मी लग्नाआधी आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकले होते. मग सुटलंच ते. एकदा फायली लावताना नकळत भूप गुणगुणत होते, तर पलीकडच्या रॅकमागून ते म्हणाले, "थांबू नकोस." दोन दिवसांनी त्यांनी संकोचत सांगितलं, की त्या स्पर्धेला ब्रिटनतर्फे पाठवायचं गाणं निवडणार आहेत आणि त्यासाठी त्यांनी एक चाल बांधली आहे. सुरुवातीला शब्द नसलेला आवाज हवा होता. "तू गाशील?"

मी हो म्हटलं. नवराही म्हणाला, "जा की, इतक्या वर्षांनी गळा तरी मोकळा होईल."

तीन रविवार आम्ही चॅपलच्या मागच्या खोलीत बसलो. तिथे जुना पियानो होता, आणि हीटर लावायचा तर नाणी टाकावी लागत. त्यांची चाल साधी होती, पण चांगली होती. तिच्या तोंडाशी मी भूपातला छोटासा आलाप घातला, गंधारावरून पंचमाला जाऊन हळूच षड्जावर उतरणारा. त्यांनी पियानोवरून हात उचलले. मग म्हणाले, "वन्स मोर, लव्ह. फ्रॉम द टॉप." पुन्हा एकदा, पहिल्यापासून. दर वेळी हेच वाक्य, वेल्श हेल काढून; 'लव्ह' तिकडे कुणालाही म्हणतात. चौथ्या रविवारी रेकॉर्डिंग करायचं ठरलं.

त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या मराठी मंडळींचा गणपती होता. मीच त्यांना बोलावलं होतं. ते कोट-टाय घालून आले, बूट बाहेर काढून ठेवले आणि कागदी डिशमधला मोदक चमच्यानं खाऊ लागले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बायकांच्या घोळक्यात होते.

एका काकूंनी विचारलं, "काय गं, तू म्हणे त्या जोकरांच्या स्पर्धेत गाणार आहेस?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांत दोघी-तिघी चांगल्या शिकलेल्या गायिका होत्या. माझे कान तापले.

"छे हो काकू," मी म्हटलं, "म्हाताऱ्याला हौस आहे, म्हणून जाते. टाइमपास." आणि हशा आला म्हणून तेवढ्यावर थांबलेही नाही. त्यांच्यासारखी मान हलवून, हेल काढून मी म्हटलं, "वन्स मोर, लव्ह! फ्रॉम द टॉप!"

बायका खो खो हसल्या. मी वळले, तर ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. रिकामी डिश कुठे ठेवायची, ते विचारायला आले असावेत. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण ते वाक्य मराठीत नव्हतंच.

"फार छान होता गोड पदार्थ," ते म्हणाले. मी डिश घेतली. ते आरतीला थांबले नाहीत.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "तुझी धावपळ असेल. चॅपलच्या कॉयरमधली एक मुलगी गाईल. तू काळजी करू नकोस." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला माफी मागायला जागा मिळाली असती. मी म्हटलं, "बरं." सोमवारपासून तळघरात आम्ही फायलींबद्दल बोलायचो, हवेबद्दल बोलायचो. वही पुन्हा कधी माझ्यासमोर आली नाही. गाणं ब्रिटनच्या निवडीत पहिल्याच फेरीत गळालं, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही लंडनजवळ क्रॉयडनला आलो. मीही तिथे एका ऑफिसात लागले. शेजारच्या टेबलावर बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका छोट्या देशातून आलेली मुलगी बसायची. एका दुपारी ती फोटोकॉपी काढताना काहीतरी गुणगुणत होती. गंधार, पंचम, मग सावकाश खाली षड्ज. माझ्या हातातला स्टेपलर तसाच राहिला.

"हे काय गातेस?"

"हे? आमचं स्पर्धेतलं गाणं. फायनललासुद्धा पोचलो नाही आम्ही," ती हसली. "पण आमच्याकडे सहा आठवडे नंबर वन होतं. माझ्या बहिणीच्या लग्नात वाजलं, शाळेतली पोरंसुद्धा म्हणायची. तो सुरुवातीचा आवाज आहे ना, तोच सगळ्यांच्या तोंडी बसला."

घरी येऊन इंटरनेटवर ते ऐकलं. शब्द त्या देशाच्या भाषेतले, गाणारी तिथलीच. संगीतकार म्हणून नाव मात्र माझ्या तळघरातल्या सहकाऱ्याचं. आलाप जसाच्या तसा होता. त्या गायिकेनं तो माझ्याहून बरा म्हटला होता, हेही खरं.

मी अभिनंदनाचं पत्र लिहिलं, हॉस्पिटलच्या पत्त्यावर. आठवड्याभरात उत्तर आलं. त्यांचं गाणं लंडनच्या एका प्रकाशकामार्फत फिरत फिरत तिकडे पोचलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "सुरुवात तुझी आहे, हे मी त्या प्रकाशकाला सांगितलं. त्यांनी तुझं नाव विचारलं. पण या गाण्यावर आपलं नाव असलेलं तुला आवडेल की नाही, याची मला खात्री नव्हती. म्हणून दिलं नाही. चुकलं असेल तर क्षमा कर."

नवऱ्यानं पत्र वाचून घडी घातली. "आता तरी सांग त्यांना, की तुझं चुकलं," तो म्हणाला.

मी लिहायला बसले. चांगलं दोन पानी पत्र झालं. त्यात गाण्याची स्तुती होती, तब्येतीची चौकशी होती, क्रॉयडनच्या ट्रामसुद्धा होत्या. त्या शनिवारचा उल्लेख नव्हता. तसंच पोस्टात टाकलं. दोन नाताळ त्यांची कार्डं आली, सुवाच्य अक्षरातली, दोन-दोन ओळींची. तिसऱ्या वर्षी आलं नाही. मी हॉस्पिटलला फोन केला, तेव्हा ते निवृत्त होऊन गावाकडे गेल्याचं कळलं. पत्ता तिथे कुणाकडे नव्हता.