गाडी कोण चालवत होतं?

परदेशात लेकीकडे गेलो असताना भाड्यानं घेतलेल्या गाडीच्या दंडाचं पत्र काल आलं. 'गाडी कोण चालवत होतं?' हा रकाना वाचला आणि पेट्रोल-मोगऱ्याचा तो जुना वास एकदम नाकात शिरला.

ऐंशीच्या आसपासची दुपार. लग्न लावून आम्ही घाटकोपरहून मुलुंडला निघालो होतो. गाडी भाड्याची, हेच चालवत होते. खाजगी गाडी भाड्यानं घेणं बेकायदा, म्हणून भांडुपला हवालदारानं अडवल्यावर यांनी गाडीमालकाचंच नाव आपलं म्हणून ठोकून दिलं, वर लायसन्स घरी राहिलं म्हणाले. हवालदार माझ्या खिडकीशी वाकला.

"बाई, खरं नाव काय यांचं?"

शालूत घाम निथळत होता, मुंडावळ्या गालाला चिकटल्या होत्या. खरं सांगावं तर हे अडकणार, खोटं सांगावं तर मी. मी मान खाली घातली.

"नवी नवरी आहे हो, नाव कसं घेईल?" हे हसले. हवालदारही हसला, सोडलं त्यानं.

"झकास वाचवलंस!" म्हणाले. मुलुंडपर्यंत मी शालूचा पदर मुठीत पिळत होते, ते कुणी पाहिलं नाही.

परदेशातही गाडी हेच चालवत होते. काल म्हणाले, "तुझं नाव टाक ना, तुझंही लायसन्स आहे."

मी यांचं नाव लिहिलं. आडनावासकट.