वर्षाराणीचा कप्पा

शिरोलीच्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळून मी निवृत्त झालो, तरी खंडेनवमीच्या पूजेला मला अजून बोलावतात. गेल्या वर्षी तिथं पाहिलं ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण शिवशरणबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही.

शिवशरण गडहिंग्लजकडचा, चाळिशीतला, अबोल. फाउंड्रीतले कॉम्प्युटर तोच बघतो. प्रत्येक माणसाला एक नाव, एक पासवर्ड आणि सर्व्हरवर त्या नावाचा कप्पा. कुठल्याही कॉम्प्युटरवर नाव घातलं की आपला कप्पा तिथं उतरतो. बंद करताना केलेलं काम परत सर्व्हरवर चढतं. एकच नाव दोन ठिकाणी उघडं राहिलं, तर शेवटी जो कॉम्प्युटर बंद होईल त्याचंच खरं धरलं जातं. त्यानं दोनदा समजावल्यावर मला एवढं कळलं.

वर्षाराणी तिथं ड्रॉइंग करायची. नवीनच लागली होती. पंपाच्या एका अवघड भागाचं ड्रॉइंग तिच्याकडे होतं. ते दसऱ्यानंतर पुण्याच्या गिऱ्हाईक पार्टीला गेलं की तिला कायम करू, असं मालक विजयसिंहांनी सांगितलं होतं. नागाप्पा मिस्त्री तेच ड्रॉइंग बघून ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न करत, आणि त्यासाठी आपल्या कॉम्प्युटरवर तिचंच नाव उघडून ठेवत.

“मिस्त्री, तुमचं वेगळं नाव करून देतो,” शिवशरण म्हणायचा.

“मला न्हाय पासवर्ड ध्यानात ऱ्हात. पोरीचं नाव हाय की. ते काय झिजतंय व्हय?”

गणपतीत तिच्या नावानं उघडलेला मिस्त्रींचा कॉम्प्युटर तसाच चालू राहिला.

खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद करून पूजतात. वर्षाराणीनं काम आटपून आपला कॉम्प्युटर बंद केला. मागोमाग नागाप्पांनीही हार घालण्यापूर्वी आपला बंद केला. सर्व्हर शेवटी बंद करायचा, म्हणून शिवशरण सर्व्हरपाशी बसला होता. मी प्रसाद घेऊन गेलो, तर तो वर्षाराणीचा कप्पा उघडून बघत होता.

“काका, मिस्त्रींचं जुनं वर चढलं. पोरीचं गणपतीपासूनचं काम पुसलं.”

“बॅकअप असेल की.”

“बॅकअपची डिस्क बंद पडलीय. मालक म्हणाले, दिवाळीनंतर बघू.” मग एकदम उठला. “तिच्या कॉम्प्युटरात नवं असेल अजून. कुणी चालू करायला नको फक्त, नाहीतर हे जुनं तिथं उतरेल.”

त्यानं सर्व्हरची वायर उपटली आणि पळत सुटला. मी मागोमाग. बाहेर आरती चाललेली, माणसांतून वाट मिळेना. “वर्षा, हात लावू नको!” तो ओरडत होता. झांजांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

वर्षाराणी टेबलापाशी आईला घेऊन उभी होती. हार घातलेला पडदा चालू होता.

“आईला दावत होतो, सर,” ती म्हणाली. “पण ह्यात आतला भागच न्हाय. कुठं गेला?”

शिवशरण खाली फरशीवरच बसला.

पुढचे दिवस तो त्या बंद पडलेल्या डिस्कमागे लागला होता. हाती फायलींचे तुकडे आले, ते उघडेनात. शेवटी मालकांपुढं जाऊन म्हणाला, “एक नाव दोन ठिकाणी मी चालू दिलं. चूक माझी. पोरीला काढू नका.”

“चूक तुझी असू दे,” विजयसिंह म्हणाले. “ड्रॉइंग कुठाय?”

पार्टीनं काम दुसरीकडे दिलं. दिवाळीच्या आधी वर्षाराणीला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

नोकरीतून गेलेल्या माणसाचं नाव बंद करणं शिवशरणचंच काम. आईला घेऊन ती सामान न्यायला आली, त्या दिवशी मीही तिथं होतो. त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला.

“तुझा कप्पा आहे. जेवढा राहिलाय तेवढा.”

“जुनंच हाय की सर ते. काय करू नेऊन?”

तिची आई, मल्लव्वा, पुढं झाली. “दे रं बाळा. केल्यालं हिनंच हाय न्हवं?” तिनं तो रुमालात बांधून कमरेला खोवला.

त्या दोघी फाटकाबाहेर गेल्यावर शिवशरण कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला. मग त्यानं वर्षाराणीचं नाव बंद केलं.