‘आपण’ सरांच्या सीडी

सर चिडले की आवाज चढवत नसत. समोरच्याला ‘आपण’ म्हणू लागत. शाळेत त्यांनीच मला शिकवलेलं, त्यामुळे एरवी मी ‘अरे गाढवा’. पण “आपण जरा इकडे येता का?” असं ऐकू आलं की मी हातातलं टाकून धावायचो. कर्वेनगरात सगळे त्यांना ‘आपण सर’च म्हणत. दूधवाल्यापासून सोसायटीच्या अध्यक्षापर्यंत प्रत्येकाला ते ‘आपण’ एकदा तरी लागलेलं होतं.

निवृत्तीनंतर सरांनी एक काम काढलं. बुरूड, तांबट, कासार यांच्या तोंडचे धंद्यातले शब्द गोळा करायचे. म्हाताऱ्या कारागिरांसमोर जमिनीवर बसून विचारायचे, “याला काय म्हणता? आणि हे तुटलं तर त्या तुकड्याला काय म्हणता?” शब्द चिठ्ठीवर, चिठ्ठीवरून कॉम्प्युटरवर. “डिक्शनरी करताय का सर?” असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. “आपण कोश म्हणालात तरी मला कळेल.”

मी तेव्हा घरोघर कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचो. सरांचाही मीच बसवला. कोशाचं फोल्डर त्यांना सापडेना, म्हणून स्क्रीनवर त्याचा शॉर्टकट काढून दिला. “यावर दोनदा टिचकी मारा, की उघडतो.” आणि दर शनिवारी तेच चित्र ओढून सीडीवर टाकायचं, हेही मीच शिकवलं. शॉर्टकट म्हणजे नुसता घराचा पत्ता. पत्त्याच्या कितीही नकला काढा, घर आपल्या जागीच राहतं. एवढं मला कळत होतं. पण पुढच्या गिऱ्हाइकाची घाई होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं.

सर शिस्तीचे. सीडी झाली की तिथल्या तिथे उघडून बघायचे. कोश उघडायचा. का नाही उघडणार? सीडीवरचा पत्ता त्याच कॉम्प्युटरमधल्या कोशाकडे बोट दाखवत होता! मग सर पाकिटावर ‘तपासली’ लिहून सही ठोकायचे.

तरी त्यांना शंका आलीच. फोन केला. “अरे, एवढ्या मोठ्या कोशाची सीडी इतक्यात कशी रे होते? चहाला आधण येत नाही तोवर ही बाहेर!”

मी वारज्याला कुणाच्या तरी टेबलाखाली वायरी ओढत होतो. वैतागून म्हणालो, “सर, नुसता मजकूर आहे. त्याला असा कितीसा वेळ लागणार? आणि ते चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढा आता. वाळवी लागेल घराला.”

“आपण म्हणता तर काढतो.”

‘आपण’ ऐकूनही मी गेलो नाही. चिठ्ठ्या रद्दीत गेल्या.

पुढे हार्ड डिस्क बसली. डेटा काढून देणाऱ्यानेही हात टेकले. “सीडी आहेत ना,” सर शांतपणे म्हणाले. नव्या कॉम्प्युटरमध्ये मी एक घातली. कोशाचं चित्र दिसलं, कोपऱ्यात तो छोटा बाण. टिचकी मारली. फाइल सापडत नाही. दुसरी घातली, तिसरी घातली. खरं तर पहिलीलाच मला सगळं कळलं होतं. बाकीच्या मी घालत राहिलो ते तोंड उघडावं लागू नये म्हणून.

“सीडी खराब निघाल्या सर,” मी म्हणालो.

सर मागेच उभे होते. मी ‘आपण’ची वाट बघत होतो.

“स्वस्त बघून मीच आणल्या रे,” सर म्हणाले. “तुझा काय दोष?”

सर पुन्हा त्या कारागिरांच्या घरांमधून हिंडले. सांगणारे बहुतेक उरले नव्हते. “आबांना माहीत होतं,” एवढंच पोरं सांगायची. सरांची मुलगी मेधा माझ्याच वर्गातली. ती सांगायची, बाबा दाढी करताना आरशातल्या स्वतःला ऐकवतात, “आपण चार पैसे वाचवलेत. शाबास!” हे ऐकून मी चहा पिऊन घरी आलो होतो. त्या चहाची मला आजही चीड येते.

सर गेले. शोकसभेत एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, “तंत्रज्ञानाने सरांना दगा दिला.” डोंबलाचं तंत्रज्ञान! यंत्राने सांगितलं तेवढं चोख केलं होतं. सांगणारा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

गेल्या महिन्यात मेधाने घरी बोलावलं. टेबलावर सीडींचा डबा, एकेक पाकीट पुसून ठेवलेलं. “ए, हल्ली नवीन काहीतरी निघालं असेल ना? बघ ना, एखादीतून तरी काही निघतंय का.”

मग मात्र मी सांगितलं. शॉर्टकट, वारज्याचा फोन, चिठ्ठ्या, सगळं. सीडी खराब नव्हत्याच, हेही.

तिने डब्याचं झाकण लावलं.

“म्हणजे बाबा रोज आरशासमोर...” एवढंच म्हणाली आणि उठून दार उघडून उभी राहिली.

“आपण निघा आता.”