मावशीला कोणी वाचून दाखवलं?

भगत, करणी, अंगात येणं... या थोतांडाविरुद्ध महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत मी स्वतः पत्रकं वाटली आहेत. एका भगताला भर बाजारात खोटं पाडलंय. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही, राग येतोय — स्वतःचाच.

पत्रकं मी लिहायचे, चळवळीतला माझा सोबती संघपाल वाचायचा. छापायला देण्याआधी पोलादपूरजवळच्या वाडीत त्याच्या आईला मोठ्याने वाचून दाखवायची, हा आमचा शिरस्ता. मी तिला मावशी म्हणते. तिला अक्षर येत नाही. तिने जांभई दिली की ते वाक्य खोडायचं. सहा वर्षं हेच.

मग मला पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट मॅनेजरची नोकरी लागली. गावच्या पाणी-रस्त्याच्या तक्रारी नोंदवायचं ॲप. संघपाल म्हणाला, "जा. आता कंपनीची पत्रकं लिही." मीही सुनावलं — तुझ्यासारखं जन्मभर फुकट ओरडत बसू का? अबोला झाला. मी रुजू व्हायच्या तीन दिवस आधी आंबेनळी घाटाच्या धुक्यात त्याची बाइक दरीत गेली. तो जागीच गेला.

पहिल्याच आठवड्यात काम मिळालं : पाच माणसांच्या हातात ॲप द्यायचं आणि गप्प बसून बघायचं. मदत नाही, मानसुद्धा हलवायची नाही. मी ती वाडी निवडली. मावशीला तोंड दाखवायला निमित्त हवं होतं मला.

पहिली मावशीच. दुपारची वेळ, ओटीवर आम्ही दोघीच. ते व्हर्जन सकाळीच फोनमध्ये आलेलं, वाडीत कुणी पाहिलेलं नाही. ॲपमध्ये आवाजाची सोयच नव्हती. मावशीने फोन घेतला आणि बरोबर बटणं दाबत गेली. तिसऱ्या स्क्रीनवर थांबली. मान कलती केली.

"पाणीपुरवठ्यातील व्यत्ययाचे स्वरूप... अगो, ह्ये काय लिवलंस? नळाला पानी नाय, येवढंच लिव की!"

नियम गेला खड्ड्यात. "मावशी, तुला कसं कळलं काय लिहिलंय?"

"ह्यो वाचतोय ना." माझ्या खांद्यामागे बघून म्हणाली, "जरा दमानं वाच रे. यष्टी सुटतेय काय तुजी?"

मागे भिंत होती. मी कानात प्राण आणून ऐकलं... काही नाही.

"मावशी, त्याला विचार ना... अजून चिडलाय का माझ्यावर?"

तिने विचारलं. ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "तसं काय बोलत नाय गो. लिवलंय तेवढंच वाचतो."

तिच्यानंतर शाळेचे गुरुजी आणि ग्रामपंचायतीचा क्लार्क, दोघेही त्याच तिसऱ्या स्क्रीनवर अडकले. शिकलेली माणसं! फोनने स्क्रीन आणि आवाज टिपून ठेवला होता; ऑफिसात ते रेकॉर्डिंग लावलं. मावशीचा एकही टॅप चुकलेला नाही. आवाज फक्त आम्हा दोघींचे. डेव्हलपर म्हणाला, "लागला असेल तुक्का." आणि ते अख्खं वाक्य? त्याने रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

पंधरा दिवसांनी नवं व्हर्जन घेऊन गेले. वाक्य मावशीने सांगितलेलंच टाकलं होतं. ती खूश. "आता कसं, माणसावानी लिवलंस." आणि शेवटच्या स्क्रीनवर 'धन्यवाद'च्या जागी मी लिहिलं होतं : संघा, माझं चुकलं. एकदा बोल माझ्याशी.

मावशी तिथे पोचली. मान कलती करून बसून राहिली. 

"हितं काय लिवलंय गो?"

"का? तो वाचत नाही?"

"गप झालाय."

ते मी तिला वाचून दाखवलं नाही. मी फोन काढून घेतला.

मनाचे खेळ म्हणा, योगायोग म्हणा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्यानंतर दोनदा जाऊन आले, वेगवेगळी व्हर्जन्स घेऊन. मावशी फोन हातात धरते, मान कलती करते, थांबते... आणि परत देते. त्या दिवसापासून तो तिलाही ऐकू येत नाही. यावरून ती मला एका शब्दाने बोललेली नाही.