दोन झटक्यांचा उजेड

गॅरेजमध्ये काळं ऑइल साचतं तसे किस्सेही साचतात. ऑइलचा डबा रिकामा करता येतो, किस्से कुठं ओतायचे? त्यातून बाई गाड्या दुरुस्त करते म्हटलं की लोकांना रडकथाच ऐकायची असते. माझ्याकडं ती नाही! तेव्हा जे आहे ते ऐका.

मोंढ्याजवळ आमचं दुचाकींचं गॅरेज. मालक उस्ताद, रोज खुलताबादहून बसनं येतात. चाळीस वर्षं इंजिनं खोलतायत. दुसरा मेकॅनिक संतोष, फर्दापूरचा. तिसरी मी, वैशाली. मला ठेवलं होतं टॉर्च धरायला. इंजिनाला हात लावायचा तर उस्तादांनी तोंडानं "खोल" म्हणावं लागतं, असा इथला कायदा. संतोषला ते सहा महिन्यांत म्हणाले. मला दोन वर्षं नाही. मला तो शब्द ऐकायचा होता, आणि तोही गिऱ्हाइकासमोर. का नाही ऐकायचा?

उस्ताद एकदा गाडीखालून ओरडले, "हात हिलता तेरा! बत्ती सीधी पकड."

मी म्हटलं, "हात नाही उस्ताद, तुमचा पाना हलतोय."

संतोष फिस्सकन हसला. ओरडा त्यालाच बसला.

*

मग कॉलेजातली एक मुलगी स्कूटर घेऊन आली. तिच्यासमोर माझी चाललेली कसरत बघण्यासारखी होती. बोटं ऑइलनं माखलेली, फोनवरच्या टॉर्चच्या चित्रावर कितीही दाबलं तरी स्क्रीन ढिम्म. आधी हात पुसा, मग स्क्रीन पुसा, मग टॉर्च लावा. तोवर खाली पडलेला नट गटारात.

तिनं स्वतःचा फोन हातात धरून दोन झटके दिले. लख्ख उजेड! "सेटिंगमध्ये असतं, मावशी. तुमच्या फोनला पण आहे."

मावशी म्हणाली ते सोडून दिलं, कारण काम मोलाचं केलं होतं. त्याच दिवशी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मी फोनच्या कव्हरला चिकटवलं. फोन दोन मनगटांत धरायचा, दोन झटके द्यायचे, गाडीच्या लोखंडाला चिकटवून टाकायचा. बोट लावायचं कामच नाही.

उस्ताद गाडीखाली होते. उजेड इतका स्थिर बघून त्यांना संशय आला. "बत्ती कौन पकड रा?"

"लोहचुंबक."

"और तू?"

"दहा नंबरचा पाना!"

*

संतोषनंही मग झटक्यांची सेटिंग करून घेतली. फोन शर्टाच्या खिशात टाकून ट्रायल मारायला निघाला. आता आपल्या शहरातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. एका खड्ड्यात टॉर्च लागली, पुढच्या खड्ड्यात विझली, तिसऱ्यात पुन्हा लागली. भर दुपारी याची छाती उजळलेली! समोरून येणारा प्रत्येक जण पंजा उघडमीट करून खुणावतोय, लाइट चालू आहे म्हणून. संतोष दरवेळी हेडलाइटचं बटण बंद करतोय. ते मुळात बंदच होतं.

तणतणत परत आला आणि हेडलाइट खोलून सगळ्या वायरी बाहेर काढल्या. "ताई, लई बेकार फॉल्ट हाय बघा. सापडंना!"

मी पूर्ण वायरिंग बाहेर येऊ दिलं, मग म्हटलं, "आता खिशाचं पण खोल."

*

उस्तादांना हे प्रकार पटत नव्हते. चाळीस वर्षं छोटी टॉर्च दातात धरूनच काम केलं त्यांनी. पुढचे दोन दात गेले तरी टॉर्च बाजूच्या दाढेत गेली, हातात आली नाही. शेवटी संतोषनं त्यांच्या फोनला आवाजानं टॉर्च लावायची सोय करून दिली. "निस्तं बोलायचं उस्ताद. फोन ऐकतो."

उस्तादांनी गॅरेजभर ऐकू जाईल असा हुकूम सोडला. त्यांचा फोन गप्प. संतोषची टॉर्च लागली, माझी लागली, बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाचीही लागली!

उस्तादांनी स्वतःच्या फोनकडं बघितलं. "पराया सुनता, अपना नई सुनता. घर में बी ऐसाच है."

आणि टॉर्च परत दाढेत.

*

एक बँकेतले साहेब होते. मी त्यांच्या गाडीचा कार्बोरेटर काढत होते (तो इंजिनाबाहेरचा, त्याला कायदा लागत नाही) आणि हे डोक्यावर उभे. "ताई, तुम्ही टॉर्चवाल्या ना? मेकॅनिक कधी येणार?"

राग आलाच. का येऊ नये? मी फोनला दोन झटके दिले आणि त्यांच्या हातात ठेवला. "मेकॅनिक आलाय. टॉर्चवाला नव्हता, तो आता मिळाला. धरा!"

पाऊण तास धरून उभे राहिले. मधे मधे मी सांगत होते, "साहेब, हात हलतोय." हे वाक्य म्हणायला मी दोन वर्षं थांबले होते, सोडते की काय!

*

एका शुक्रवारी उस्ताद नमाजाला गेले आणि मी एका ऑइल गळणाऱ्या गाडीचं इंजिन खोललं. परवानगी नाही, काही नाही. फोन फ्रेमला चिकटवला आणि लागले कामाला. संतोष घाबरला. "ताई, उस्ताद कच्चं खातेन!"

"खाऊ दे. वॉशर तरी बदलून होईल."

उस्ताद परत आले तोवर इंजिन बसवून गाडी चालू केली होती. त्यांनी टोपी खिशात ठेवली, वाकून इंजिनाला कान लावला. बराच वेळ.

"वॉशर नया डाली?"

"हो."

"हौ," म्हणाले आणि चहा सांगायला गेले. एवढंच! पुढं रोज इंजिनं खोलत होते मी, पण गिऱ्हाइक आलं की उस्ताद स्वतः पुढं होऊन बोलायचे. माझं नाव नाही, माझ्या कामाचं नाव नाही. ते मला डाचत होतं. जे केलं ते चारचौघांत म्हणायला काय जातं?

*

आणि हा परवाचा.

मोठी धडधडणारी गाडी घेऊन एक पाहुणे आले. गॉगल, पांढरे कडक कपडे. इंजिनातून आवाज येतो म्हणाले. मी पाना घेऊन पुढं झाले, तसा त्यांनी गाडीवर हात आडवा ठेवला. "बाईनं हात नाय लावायचा माझ्या गाडीला. इंजिनाचं काम हाय. इथं कुणी गडी मेकॅनिक नाय का?"

संतोष सुटे भाग आणायला गेला होता. उस्ताद समोरच बाकावर बशीतून चहा पीत होते. पाहुण्यांची नजर त्यांच्याकडंच.

मी फोन उचलला, दोन झटके दिले. सकाळी अकराच्या उन्हात टॉर्च लागली.

"थांबा हं, बघते."

बाकाखाली टॉर्च मारली. टायरांच्या ढिगामागं मारली. ऑइलच्या डब्यात वाकून बघितलं. पाहुण्यांनी गॉगल काढला. शेवटी टॉर्च मी सरळ उस्तादांच्या तोंडावर धरली.

उस्तादांनी डोळ्यांवर हात धरला. बशीतला घोट संपवला.

"इधर कोई नई है, बेटा," ते म्हणाले. "तू खोल."