उजव्या कानातली पेटी

उदगीरच्या मठात सोमवारच्या भजनाला सूर लावून द्यावा तो गुरुपादप्पांनीच. किराणा दुकानाचं शटर ओढलं की अप्पा टाळ घेऊन थेट पेटीशेजारी, आपल्या ठरलेल्या जागेवर. पण उन्हाळ्यात तापानं फणफणले, उठले, अन् पहिल्याच भजनात पेटीवाल्या सोमेशवर उखडले, "पेटी चढली हाय तुझी! काळी एक म्हटलं तर काळी दोन दाबून राहिलास का?"

सोमेश बिचारा पेटी घेऊन लातूरला गेला. कारागीर म्हणाला, पेटी ठणठणीत आहे. पुढच्या सोमवारी अप्पांनी सूर लावला तर पेटी एकीकडं, अप्पा भलतीकडं! काहीजण चक्क हसले. मेल्यांनो, इतकी वर्षं ज्याच्या सुरावर गायलात, त्यालाच हसता? अप्पांनी टाळ ठेवले अन् भजनाला जाणंच सोडलं. त्यांच्यातलं निम्मं माणूसच गेलं जणू.

घरात लपवणार किती? एकदा जेवताना बायकोला म्हणाले, "नीलम्मा, तू बोललीस की दोन बाया बोलायल्यात असं वाटतं. एक तू, अन् एक चढ्या आवाजाची."

"चला, एका लग्नात दोन मिळाल्या!" नीलम्मा हसली. मग पदरानं डोळे पुसले, अन् दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

"अप्पा, पेटीतली पितळेची पाती सेकंदाला जितक्यांदा थरथरायची तितक्यांदाच थरथरते," बाई म्हणाल्या. "पण सूर उंच का खाली, हे आपल्या आत ठरतं. तुमचा उजवा कान तोच सूर चढवून सांगतोय. गाताना त्यात कापसाचा बोळा घाला."

सोमवारी नीलम्मानंच त्यांना मठात नेलं. बोळा घालून अप्पांनी सूर लावला. तंतोतंत! सोमेशनं मान डोलावली, भजन रंगलं. पण अप्पांचा चेहरा उतरलेलाच. भजनाच्या ओळी समोरासमोर, अन् बायका बसायच्या त्यांच्या उजव्या हाताला. नीलम्माचा आवाज त्याच बाजूनं यायचा. आज तो येईना.

कडवं संपलं तसे अप्पा उठले अन् समोरच्या ओळीत जाऊन बसले. आता बायका डाव्या हाताला.

"अप्पा, तिकडून पेटी नीट ऐकू येती का?" सोमेशनं विचारलं.

"पेटीचं काय घेऊन बसलास रे! घरची ऐकू यायली आता. एकटीच."

नीलम्मानं पदर पुढं ओढला अन् पुढचं कडवं जरा मोठ्यानंच म्हटलं.