आडवी घागर

यांचं टेबल आवरायचं, असं यांच्या धाकट्या बहिणीने फोनवर जाहीर केलं. "वहिनी, दादाला जाऊन महिना होऊन गेला. तुम्ही नुसत्या त्या खोलीच्या दारात उभ्या राहता. मी रविवारी वारज्याहून येते. तासाभरात होईल." ती इतक्या मायेने बोलली की नाही म्हणता आलं नाही. पण ते टेबल असं तासाभरात नाहीसं होऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

आम्ही दोघं सागरी पुरातत्त्व शिकलो ते पुण्यात. पुण्याला समुद्र नाही. ही उणीव पुणेकरांना कधी जाणवलेली नाही. बुडालेल्या जहाजांबद्दल ग्रंथालयात वाचायचं आणि पाण्याखाली उतरायचा सराव पेठेतल्या एका पोहण्याच्या टँकमध्ये करायचा, सभासदांची वेळ संपल्यावर. टँकच्या व्यवस्थापकांना आमचा विषय पटलेला नव्हता. "बुडालेलं काय शोधायचं ते शोधा, पण आंघोळ करून उतरा," एवढंच ते म्हणत.

परीक्षेसाठी सरांनी टँकच्या खोल भागात एक जहाज बुडवलं. म्हणजे पितळी पातेली, कौलं, नांगर म्हणून एक पाटा आणि एक तांब्याची घागर. सगळं सरांच्या घरचं. पाठीवर हवेची टाकी घेऊन जोडीने उतरायचं, टेपने अंतरं मोजायची आणि प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने नकाशा काढायचा. नकाशा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नकाशा जमेल त्यांनाच हिवाळ्यात समुद्रावर नेणार होते.

माझ्या जोडीला हे होते. तेव्हा आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. सदाशिव पेठेत वाढलेला, चपलासुद्धा भिंतीला समांतर काढणारा माणूस. ते आधी उतरले. माझ्या पाण्याखालच्या चष्म्यात पाणी शिरलं म्हणून मी मागे राहिले. तळाशी पोचले तर पातेली मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत, कौलांची चळत आणि मधोमध घागर उभी. मला वाटलं, सरांनीच असं मांडलंय. मी मुकाट्याने नकाशा काढला. फार देखणा आला.

काठावर सरांनी तो आधीच्या जोडीच्या नकाशाशेजारी धरला.

"हे जहाज बुडालंय की भांड्यांचं दुकान लागलंय?"

"सर, घागर आडवी पडली होती," हे म्हणाले.

"मग?"

"उभी केली."

"अहो, आडवी पडली होती हीच तर माहिती होती! जहाज कोणत्या अंगावर कललं, ते आता कोणाला विचारायचं? तुम्हाला?"

"पण बाकी मापं बरोबर आहेत ना, सर?"

"उत्तम आहेत. घरी फ्रेम करून लावा."

सरांनी पुन्हा परीक्षा घेतली. यांनी एका हातात टेप धरला, दुसरा हात कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि घागरीकडे पाठ करून राहिले. पास झालो. समुद्र झाला, लग्नही झालं. पुढे माझी पसरलेली पुस्तकं ते सरळ करायला लागले की मी म्हणायची, "आधी नकाशा!" मग ते दोन्ही हात वर करून मागे सरत.

शनिवारी टेप आणि पेन्सिल घेऊन मी त्या खोलीत गेले. फायली, पेनं, फुटपट्टी, दौत, सगळं टेबलाच्या कडेला समांतर. इतका कंटाळवाणा अवशेष मी जन्मात मोजला नव्हता. फक्त चष्मा तेवढा उघड्या पुस्तकावर तिरका पडला होता, एक काडी मिटलेली, एक उघडी. त्या सकाळी मी चहाला हाक मारली तेव्हा तो तसाच टाकून ते उठले असणार. एरवी दोन-तीन हाका लागत. त्या दिवशी पहिल्याच हाकेला आले होते.

सरळ करायला माझाच हात पुढे गेला. तो मी पदरात खोचला आणि दुसऱ्या हाताने काडीचा कोन नकाशात काढून घेतला.

रविवारी नणंद आली. नकाशा बघून म्हणाली, "वहिनी, हे आणि काय?"

"यांचं टेबल."

तिने कागद टेबलाशेजारी धरला. मग हळूच म्हणाली, "आवरू आता?"

"आवर," मी म्हणाले. "चष्मा शेवटी उचल."